हरलेल्या स्पर्धेबद्दल आई-बाबांना

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

विद्यापीठातील केस स्पर्धा, म्हणजे एखाद्या कंपनीपुढचा प्रश्न वाचून ठरलेल्या वेळात सल्ला मांडण्याची स्पर्धा, परवा संपली आणि आमचा संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला नाही. फोनवर मी एवढेच सांगून विषय बदलला, कारण चूक माझ्या वाट्याच्या कामात झाली होती आणि ती घाईघाईत सांगावी असे मला वाटले नाही.

आई, ‘केस म्हणजे कोर्टातली का गं?’ असे तू विचारलेस तेव्हा मी हसले होते. पण तुझा प्रश्न फारसा चुकीचा नव्हता. हार्वर्डच्या विधी विद्यालयात क्रिस्टोफर लँगडेल यांनी १८७० मध्ये न्यायालयांचे प्रत्यक्ष निकाल पुढे ठेवून शिकवायला सुरुवात केली. पुढे १९१९ मध्ये तेथील बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता झालेले वॉलेस डोनम स्वतः कायदा शिकलेले होते, त्यांनी ती रीत व्यवसायशिक्षणात रुजवली, आणि १९२१ मध्ये बूट तयार करणाऱ्या एका कंपनीवर तेथील पहिली केस लिहिली गेली. कोर्टाच्या कागदांत शेवटी निकाल दिलेला असतो. आमच्या केसमध्ये मात्र मालकाला उद्या सकाळी निर्णय घ्यायचा असतो आणि कागद तिथेच संपतात.

आम्हा चौघांना एका खोलीत बसवून वीस पानांची केस दिली आणि सहा तासांची मुदत दिली. फोन व इंटरनेट दोन्ही बंद होते. संस्थापकाच्या स्वभावावर तीन पाने खर्ची घातलेली होती, ती मी दोनदा वाचली. आता वाटते, एकदाही वाचली नसती तरी चालले असते. सुट्या भागांचे उत्पादन करणाऱ्या एका लहान कंपनीपुढे एका मोठ्या ग्राहकाची कायमस्वरूपी मागणी आली आहे, ती स्वीकारावी की नाही, एवढाच प्रश्न होता. आकडेमोड माझ्याकडे होती. दर शंभराच्या विक्रीमागे ऐंशी खर्च आणि वीस नफा, असे गणित सरळ दिसत होते. मी पाच वर्षांच्या नफ्याचा आलेख काढला, रंग बदलून पाहिले, आणि ‘मागणी स्वीकारावी’ असा सल्ला आम्ही ठामपणे लिहिला.

सादरीकरण उत्तम झाले, हे मी संकोच न करता सांगते. पंधरा मिनिटांत कोणी अडखळले नाही. नंतर परीक्षकांपैकी एका बाईंनी चष्मा काढून हातात धरला आणि शांतपणे विचारले, ‘या ग्राहकाचे पैसे केव्हा येतात?’ सतराव्या पानावरील तक्त्याखाली बारीक अक्षरांत ‘नव्वद दिवसांची उधारी’ असे लिहिलेले होते. ते मी वाचलेही होते, पण माझ्या गणितात विक्री झाली त्याच महिन्यात पैसे आल्याचे धरले होते. महिन्याला शंभराची विक्री असेल तर पहिले येणे हाती पडण्याआधी तीन महिन्यांचे दोनशे चाळीस खर्च होतात, आणि कंपनीकडे रोकड होती दीडशे. म्हणजे आमचा सल्ला मानला असता तर दुसऱ्याच महिन्यात तिजोरी रिकामी झाली असती, तीही वहीत नफा दिसत असताना. मी उभ्या उभ्या ‘बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी कर्ज घेता येईल’ असे उत्तर दिले. बाईंनी मान डोलावली आणि व्याज कोणत्या स्लाइडवर आहे ते विचारले. ते कुठेच नव्हते.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचे आहे. सरावासाठी एक जुनी केस मी तुम्हाला फोनवर ऐकवली होती, तेव्हा तुम्ही हेच विचारले होते: ‘माल गेला, पण पैसे कधी?’ मी म्हणाले होते की तो तपशील परिशिष्टात जातो, आणि माझ्या बोलण्यात थोडी ऐट होती. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत. परीक्षकांच्या खोलीत मला तो फोन आठवला, आणि उत्तर न येण्यापेक्षा तुमचे ते गप्प राहणे अधिक बोचले.

संघातल्या कोणी मला बोल लावला नाही. आम्ही चौघे त्याच रात्री पुन्हा बसलो आणि गणित नव्याने मांडले. मागणी पूर्ण न स्वीकारता निम्मी स्वीकारली, तर तीन महिन्यांत एकशे वीस बाहेर जातात आणि दीडशेत भागते. ग्राहकाने काही आगाऊ रक्कम दिली, तर त्याहून अधिकही पेलते. हा पर्याय सहा तासांत सुचायला हवा होता, कारण त्यासाठी बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही.

पुढची स्पर्धा सहा महिन्यांनी आहे आणि नाव देताना मी आकडेमोडच मागून घेतली आहे. सोबत सतराव्या पानाची प्रत आणि आमचे नवे गणित पाठवत आहे. बाबा, आधी तक्ता पाहा, माझे उत्तर नंतर. आणि चूक सापडली तर या वेळी गप्प राहू नका. आई, तुझ्यासाठी संस्थापकाच्या स्वभावाची ती तीन पानेही जोडली आहेत, ती तुला नक्की आवडतील.

तुमची,
लेक