कांद्याचा भाव छापता, तसा सागवानाचाही छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात घर बांधणं महागल्याची बातमी होती. सिमेंट, सळई, रेती सगळ्यावर नीट लिहिलंय, पण लाकडाचा विषय आला आणि एका ओळीत संपवला, व्यापाऱ्यांनी दर वाढवले म्हणून. मी नागपुरात वखारीवर बसतो, वडील बसायचे तिथेच, त्यामुळे हे जरा लागलं हे कबूल. गिऱ्हाईक रोज विचारतं, भाऊ सागवान काय भाव, आणि मला रोज उलट विचारावं लागतं की कोणतं सागवान, कारण सागवानाला एक भाव नसतोच.

आधी मापाचं सांगतो. गोल लाकडाचा घेर टेपने घ्यायचा, त्याला चाराने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. म्हणजे 4 फूट घेराचा, 10 फूट लांबीचा ओंडका हिशोबात 10 घनफूट (शाळेतलं गणित लावलं तर पावणेतेराच्या आसपास भरतं, पण धंद्यात पिढ्यानपिढ्या हेच माप चालत आलंय). आता समजा वनखात्याच्या डेपोत लिलावात भाव लागला 2000 रुपये घनफूट, तर ओंडका झाला वीस हजाराचा. आऱ्यावर घातला की साल, भुसा, कडेचं पांढरं कच्चं लाकूड, गाठीचा भाग असं सगळं जाऊन कट साईज माल 6 घनफूट निघाला तरी पुष्कळ, म्हणजे तिथेच घनफूट 3333 ला पडलं. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3900 च्या वर. यात अजून ट्रकचं भाडं नाही, हमाली नाही, विजेचं बिल नाही आणि माझं पोटही नाही. दाराच्या पाच-तीन इंची साध्या चौकटीला पावणेदोन ते दोन घनफूट लागतं, करा हिशोब.

दुसरं म्हणजे घेर. बारीक झाडात गाभा कमी, पांढरं जास्त, आणि पांढऱ्याला कीड लागते, म्हणून जाड ओंडक्याचा घनफुटाचा भावच वेगळा असतो, त्यात सरळ आणि लांब असेल तर आणखी वेगळा. आणि जाड झाड काही ऑर्डर दिली की मिळत नाही ना, जंगलातला साग तोडीला यायला 60-80 वर्षं जातात. त्यात डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाचा जंगलतोडीवरच्या गोदावर्मन केसमधला आदेश आला तेव्हापासून मंजूर वर्किंग प्लॅनशिवाय (म्हणजे तोडीच्या सरकारी आराखड्याशिवाय) जंगलात तोड बंद, पुढे नवीन आरा मशीनवर पण लगाम आला. जंगल वाचलं, चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. पण मग डेपोत जेवढा माल येईल तेवढ्यावरच सगळ्यांची बोली, आणि बोली लावणारे दरवर्षी वाढतायत. 2023 मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी चंद्रपूरकडच्या बल्लारशाहून सागवान गेलं, ती मिरवणूक सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आणि तेव्हापासून दर दुसरं गिऱ्हाईक ‘ते राम मंदिरवालं दाखवा’ म्हणतं. अहो, दोन खोल्या आणि एक संडास, त्याला बल्लारशाचं कशाला, पण ऐकतंय कोण.

हा भाव आणखी वर जायचा थांबतो तो बाहेरच्या मालामुळे. आणि भडकतोही त्यामुळेच. बर्माने 1 एप्रिल 2014 पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, मग घाना, पनामा, इक्वेडोरचा लागवडीचा साग जास्त यायला लागला, बारीक घेराचा, पण चालून जातो. तो कंटेनरने येतो, पैसे डॉलरमध्ये. 2021 ला कंटेनरचं भाडं आभाळाला टेकलं तेव्हा माल इकडे यायला परवडेना आणि इथल्या सागाने पण लगेच मान वर काढली. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन न्यूझीलंडहून गुजरातेत कांडला बंदरावर उतरतं, गांधीधामला चिरतात. त्या पाइनचं मोठं गिऱ्हाईक चीन, म्हणजे तिकडची बांधकामं थंडावली की पाइन स्वस्त होतं आणि इथे माझ्या पेटीवाल्याला बरे दिवस येतात. प्लायवूडचं तर अजून निराळं, हरियाणात यमुनानगरकडे पॉप्लरचा (प्लायसाठी शेतात लावतात ते झाड) भाव पडला की शेतकरी लावणं सोडतो आणि सहा-सात वर्षांनी आपल्याला प्लाय महाग मिळतं.

पण खरं मला लिहायचं होतं ते शेतकऱ्याबद्दल. गेल्या वर्षी वर्धेकडचा एक माणूस वखारीवर आला, पिशवीतून गुरं बांधायचं दावं काढलं आणि टेबलावर ठेवलं. धुऱ्यावर बापाने लावलेली सतरा सागाची झाडं, प्रत्येकाला दावं गुंडाळून घेराला गाठ मारलेली. मी टेप लावला. बऱ्याच गाठी तीन फुटाच्या पुढे होत्या, एक तर साडेचारवर. म्हटलं, भाऊ माल चांगला आहे, किती सांगतो? तर म्हणे ठेकेदाराने उभ्या झाडांचा उक्ता सौदा केलाय, पोरीच्या फीसाठी इसारपण घेऊन झालाय, मी फक्त विचारायला आलो. आकडा ऐकून मी गप्प बसलो. सगळा दोष ठेकेदाराला पण देता येत नाही, सातबारा, तोडीची परवानगी, मोजणी, लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का, वाहतुकीचा पास, हे सगळं तो करणार, त्याचे महिने आणि त्याची रिस्क तो आधीच भावातून कापून घेतो. पण ती किती कापायची हे त्याला माहीत असतं आणि झाडवाल्याला नसतं, सगळा घोळ तिथेच आहे.

लासलगावचा कांदा तुम्ही रोज छापता. सोयाबीन, कापूस, तूर छापता. मग बल्लारशा, आलापल्ली, परतवाडा इथल्या डेपोत लिलाव झाला की घेराप्रमाणे काय भाव निघाला, हे महिन्यातून एकदा छापायला काय हरकत आहे? लिलाव झाला की आकडे डेपोत असतातच, नुसते मागवायचेत, चार ओळी पुरतात. जागा नसेल तर राशिभविष्य जरा बारीक टाइपात घ्या.

— एक वखारवाला, नागपूर