हाताचा कंप घरी, दिवसभर मोजायला हवा

संपादक महोदय,

म्हापसा आणि मडगाव येथील दोन्ही जिल्हा इस्पितळांत हाताचा कंप मोजणारे मनगटी सेन्सर ठेवावेत आणि ते वृद्ध रुग्णांना आठवडाभरासाठी घरी न्यायला द्यावेत, ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हृदयाचे ठोके चुकतात अशी शंका आली की डॉक्टर छातीला होल्टर (ठोक्यांची सतत नोंद घेणारे छोटे यंत्र) लावून रुग्णाला घरी पाठवतात, कारण ठोका नेमका तपासणीच्या वेळीच चुकेल याची खात्री नसते. कंपाचेही तसेच आहे. तरी तो मात्र आपण अजून रुग्णाला समोर बसवून, हात पुढे करायला सांगून, नजरेच्या अंदाजानेच मोजतो.

मी डिचोलीत राहते. उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माझ्या आईला पार्किन्सन आहे. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरत राहतो, वैद्य गोळी वळतात तसा. हात मांडीवर स्वस्थ पडला की हे सुरू होते. अबोलीची फुले गुंफायला घेतली की बराच वेळ थांबते, दोरा ठेवला की पुन्हा येते. झोपेत पूर्ण बंद. घरातल्या माणसाला हे सगळे रोज दिसते, डॉक्टरांना दिसण्याची सोयच नाही.

तपासणीचा दिवस कसा जातो ते ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना सांगायला नको. पहाटे उठायचे, गोळी वेळेआधी घ्यायची, बस बदलत जायचे, केस पेपर काढायचा आणि नंबरची वाट बघत बसायचे. एकदा एका इस्पितळात नंबर लवकर लागला. गोळी नुकतीच लागू पडली होती, हात शांत होता. ‘आजी बऱ्या आहेत की!’ म्हणत डॉक्टरांनी तेच औषध पुढे चालू ठेवले. त्या संध्याकाळी घरी आईच्या हातात पेला ठरत नव्हता. पुढच्या खेपेस गर्दीने आणि ताटकळण्याने ती घाबरीघुबरी झाली होती. मनावर ताण आला की हा कंप वाढतो, तसा तो वाढला आणि गोळ्याही वाढवून मिळाल्या. डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर रांग लागलेली असताना त्यांच्या वाट्याला जी चार मिनिटे येतात त्यांत जे दिसले त्यावरच त्यांना ठरवावे लागते.

नजरेने मोजण्याची पद्धतही मी समजून घेतली. पार्किन्सनसाठी जगभर जी गुणपद्धती वापरतात तिच्यात स्वस्थ हाताच्या कंपाला ० ते ४ असे अंक देतात. कंप १ सेंटीमीटरपर्यंत असला तर १, त्यापुढे ३ सेंटीमीटरपर्यंत २, मग १० सेंटीमीटरपर्यंत ३ आणि त्याहून मोठा असला तर ४. आता एखाद्याचा कंप औषधाने ९ सेंटीमीटरवरून ४ सेंटीमीटरवर उतरला, तर त्याच्या दृष्टीने तो केवढा फरक! जेवताना घास तोंडापर्यंत जाऊ लागतो. कागदावर मात्र आधीही ३ आणि नंतरही ३च. ही पद्धत अनुभवी डॉक्टरांनी विचारपूर्वक बसवली आहे आणि ती हवीच, पण औषध कमी-जास्त करताना एवढ्या जाड चाळणीचे माप पुरत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. त्याने आईसाठी एक छोटे यंत्र जोडून दिले. त्यात एमपीयू-६०५० नावाची चिप आहे, काहीशे रुपयांत मिळणारी. तिच्यात त्वरणमापक (वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजणारा) आणि जायरोस्कोप (हात किती वेगाने वळतो ते मोजणारा) दोन्ही असतात, प्रत्येकी तीन अक्षांवर. त्याने ती सेकंदाला १०० वेळा नोंद करील अशी लावली. मनगटावर बांधले तेव्हा आलेखात सारखे टोकदार काटे येऊ लागले. ते आईच्या पाटल्या यंत्रावर आपटल्याचे निघाले. पाटल्या काढायला ती तयार नव्हती आणि मीही आग्रह केला नाही. शेवटी मऊ सुती पट्टीने यंत्र तळहाताच्या पाठीवर बांधले. मे महिन्याच्या घामात ती पट्टी रोज धुवावी लागे, नाहीतर पातळ कातडीवर लाल वळ उठत. यंत्र बनवणाऱ्यांनी म्हातारा हात जवळून पाहायला हवा, हे मला तेव्हा कळले.

आलेख मात्र स्वच्छ आला. हात सेकंदाला किती वेळा हलतो हे दाखवणाऱ्या आलेखात ५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५ वेळांच्या, आसपास एक उंच शिखर. पार्किन्सनचा विश्रांतीतला कंप साधारण ४ ते ६ हर्ट्झचा असतो, म्हणजे ते शिखर बरोबर जागेवर होते. आडोळीवर नारळ खवणताना किंवा कपडे चुबकताना हात हलतो तो याहून बराच संथ, त्यामुळे तो आलेखात वेगळा पडतो. बसच्या खडखडाटाची नोंद मात्र आम्ही सरळ बाजूला काढली.

मी सोबत वहीत गोळीची आणि जेवणाची वेळ लिहीत होते. वही आणि आलेख शेजारी ठेवले आणि एक गोष्ट लख्ख दिसली. सकाळच्या गोळीनंतर तासाभरात शिखर खाली येई. दुपारच्या गोळीनंतर ते कित्येक दिवस खाली आलेच नाही. दुपारची गोळी आई भात-हुमणाबरोबर घेत होती. त्या गोळीतले लेव्होडोपा हे औषध आतड्यातून रक्तात आणि पुढे मेंदूत जाताना प्रथिनांच्या घटकांशी त्याची स्पर्धा होते, आणि आमच्या दुपारच्या ताटात मासळी असतेच. डॉक्टरांना हे कागद दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले, प्रश्न विचारले आणि डोस न वाढवता गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी घ्यायला सांगितली. दुपार सुधारली. आई आता दुपारी फुले गुंफायला बसते. ताटातली मासळीही सुटली नाही.

हे यंत्र किती नाजूक नोंद घेते ते सांगितल्याशिवाय माझ्यातील शिक्षिकेला राहवत नाही. बोट मध्यापासून १ सेंटीमीटर इकडे आणि १ सेंटीमीटर तिकडे, सेकंदाला ५ वेळा हलले, तर त्याचे कमाल त्वरण दर सेकंद वर्गास सुमारे ९.९ मीटर भरते. जवळजवळ गुरुत्वीय त्वरणाएवढे! कंप १ मिलिमीटरचा असला तरी त्याचा दहावा भाग उरतो, आणि तो ही चिप सहज पकडते. डोळ्याला असा कंप जेमतेम दिसतो. अडचण दुसरीकडे आहे. हात नुसता तिरका झाला तरी गुरुत्वाकर्षणाचा वाटा बदलतो आणि त्वरणमापकाला ती हालचाल वाटते. त्वरणावरून अंतर काढायचे तर दोनदा संकलन (क्षणाक्षणाच्या नोंदींची बेरीज) करावे लागते आणि त्यात चूक साचत जाते. म्हणून जायरोस्कोपची जोड लागते, आणि म्हणूनच घरगुती जोडकाम पुरेसे नाही, वैद्यकीय वापरासाठी तपासून घेतलेले यंत्र हवे. परदेशात पार्किन्सनसाठी अशी मान्यताप्राप्त मनगटी यंत्रे काही वर्षांपासून वापरात आहेत. बाजारातले पावले मोजणारे स्वस्त पट्टे मात्र या कामाचे नाहीत. मिनिटाची एकच बेरीज ठेवणाऱ्या पट्ट्यातून सेकंदाला पाच वेळा होणारा कंप कसा कळणार?

यंत्र निदान करते असा कोणी समज करून घेऊ नये. आमच्या शेजारच्या काकांचा हात स्वस्थ असताना अगदी स्थिर असतो, चहाचा कप उचलला की बशीत चहा सांडतो. त्यांच्या वडिलांचाही तसाच होता. त्यांना कोणीतरी पार्किन्सनच्या गोळ्या सुरू करून दिल्या होत्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही. पुढे न्यूरोलॉजिस्टनी तपासून सांगितले की हा वेगळा, इसेन्शियल ट्रेमर आहे. तो पार्किन्सनहून जास्त लोकांना असतो आणि त्याचे औषध वेगळे. त्याची वारंवारता ४ ते १२ हर्ट्झमध्ये कुठेही असू शकते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून दोन्ही ओळखता येत नाहीत. हात केव्हा कापतो, विश्रांतीत की काम करताना, हे पाहावे लागते. थायरॉइड वाढल्याने, दम्याच्या साल्ब्युटामॉलने, फिट्सच्या व्हॅल्प्रोएटनेही हात कापतो. शिवाय पार्किन्सनच्या सगळ्याच रुग्णांना कंप नसतो. अंग ताठरणे, हालचाल मंदावणे, तोल जाऊन पडणे हे त्याहून घातक, आणि मनगटावरचा एक आकडा ते सगळे सांगत नाही. डॉक्टर लागतोच. मी मागते आहे ते त्याच्या हातात चांगली नोंद असावी म्हणून.

गोव्यात हे करणे अवघड नाही. राज्य लहान आहे आणि वृद्धांचे प्रमाण देशात वरच्या क्रमांकाचे, २०११च्या जनगणनेतच साठी ओलांडलेले ११ टक्क्यांच्या वर होते. आरोग्य केंद्रातील परिचारिकेने पट्टा बांधायला शिकवावे, सोबत गोळी-जेवणाच्या वेळा लिहिण्यासाठी छापील वही द्यावी, ती मराठीत आणि कोंकणीत असावी. आठवड्याने यंत्र परत आले की एका पानाचा आलेख बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) न्यूरोलॉजी विभागाकडे रुग्णाच्या तारखेआधी पोचावा. ही माहिती रुग्णाची आहे, ती कोणत्याही कंपनीच्या संगणकावर त्याला न विचारता जाऊ नये, हे करारातच लिहावे. आणि सुरुवात सत्तरी, पेडणे, काणकोण या तालुक्यांतून करावी. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बांबोळी गाठायला सर्वांत जास्त त्रास पडतो.

येत्या अर्थसंकल्पात आरोग्य खात्याने यासाठी तरतूद करावी. त्यांना उपयोग होणार असेल तर आईच्या संमतीने तिचे आलेख आणि माझी वही मी त्यांच्या तज्ज्ञांना दाखवायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली