लग्नपत्रिकेचे दोन तुकडे

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पुण्याला लेकीकडे राहायला गेलात त्याला आता आठ महिने होतील. स्टेशनवर सोडायला आले होते तेव्हा मला काही बोलताच आलं नाही. गाडी हलली, तुम्ही खिडकीतून हात केला आणि मी "पोचल्यावर फोन करा" एवढंच म्हणाले. तेव्हा राहिलेलं आज लिहिते आहे. चारचौघांत लिहिते, कारण आपल्या नागपुरात हातात कॅमेरा घेऊन सकाळी सहाला बाहेर पडणारे पुष्कळ आहेत, आणि तुमच्यासारखं फोटो बघणारं माणूस त्या सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

पहिला रविवार आठवतो का? फुटाळा तलावाच्या काठावर आपली फोटोवाली मंडळी जमली होती. प्रत्येकानं फोर बाय सिक्सच्या दोन प्रिंट आणायच्या, मोबाईल खिशात ठेवायचा आणि ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं, हा तुमचा नियम. मला तो जाचक वाटला होता. मी बनारसहून नुकतीच आले होते. डिसेंबरची सकाळ, घाट, धुक्यातल्या होड्या, वर पांढऱ्या पाखरांचा थवा. घरच्यांनी, बँकेतल्या मैत्रिणींनी सगळ्यांनी "कॅलेंडरवर छापावा असा आलाय" म्हटलं होतं. तेच ऐकायला मी आले होते, हे आता कबूल करते.

तुम्ही ती प्रिंट हातात घेतली आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग ती उलटी धरली. आम्ही सगळे बघत राहिलो. "उलटा केला का होडी होडी राहत नाही, नुसता काळा डाग होते. मंग दिसते, वजन कुठं पडून राहिलं ते." खरंच, होड्या आणि घाट ओळखू येईनासे झाले तसं मला दिसलं की सगळा भार उजवीकडं साचलाय आणि डावीकडचं पाणी नुसतं रिकामं पडलंय.

त्यानंतर शर्टाच्या खिशातून तुम्ही जाड लग्नपत्रिकेचे दोन तुकडे काढलेत. काटकोनात कापलेले, एकावर अर्धा गणपती, दुसऱ्यावर "आग्रहाचे निमंत्रण" मधलं नुसतं "आग्र". ते दोन्ही माझ्या प्रिंटवर ठेवून चौकट केलीत आणि बोटांनी हळूहळू सरकवत नेलीत. पाखरं गेली, घाट गेला, मोठी होडी गेली. खाली डाव्या कोपऱ्यात तुम्ही थांबलात. तिथं एक नावाडी वाकून गमछा पिळत होता. मुठीतून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर ऊन आलं होतं, इवलंसं, नखाएवढं. तो माझ्या फोटोत आहे हे मलाच माहीत नव्हतं.

"तुझा फोटो इथं आहे बेटा," तुम्ही म्हणालात. "हा गमछा पाहाले थांबली असती तं चार पावलं पुढं गेली असती का नाही?"

गेले असते. त्या दिवसापासून कुठंही गेले तरी एक फोटो काढून झाला की मी चार पावलं पुढं जाते. निम्म्या वेळा तरी खरा फोटो तिथंच मिळतो.

मारबतीचं तर किती सांगू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या या मोठ्या मूर्तींची मिरवणूक निघते आणि आपलं अर्धं नागपूर इतवारीत लोटतं, पण काळ्या मारबतीचा धड फोटो फार थोड्यांकडं असतो. माझ्याकडं तीन वर्षांचे होते आणि तिन्हीत ती राखाडी, धूळ बसल्यासारखी. मला वाटायचं कॅमेराच हलका आहे. तुम्ही पोह्यांची तर्री पुसून बोट वर केलंत आणि सांगितलंत की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. एवढी मोठी काळी मूर्ती चौकटभर आली की त्याला वाटतं अंधार पडलाय, मग ते उजेड वाढवतं आणि काळ्याचं करडं करून टाकतं. तिथं एक्स्पोजर एक स्टॉप मायनसमध्ये न्यायचं, म्हणजे उजेड निम्मा करायचा. दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप भर उन्हात काढायचा तर नेमकं उलटं, प्लसमध्ये. मोबाईलवाल्यांसाठी वेगळं सांगितलंत, स्क्रीनवर बोट टेकवून तो छोटा सूर्य खाली ओढायचा.

पुढच्या वर्षी मारबत काळीकुट्ट आली. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यांवर मागून ऊन होतं आणि तिचे डोळे तेवढे पांढरे. ती प्रिंट बघून तुम्ही नुसतं "आता आली" म्हणालात. शाबासकीचे मोठमोठे शब्द मला पुष्कळांनी दिले आहेत. हे दोनच जपून ठेवले आहेत.

पण ज्याच्यासाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं ती गोष्ट 2019 ची. इतवारी-नागभीड नॅरोगेज बंद होणार हे पक्कं झालं आणि त्या नोव्हेंबरात शहरातले सगळे कॅमेरेवाले छोट्या गाडीच्या मागं लागले. मीही. इंजिन समोरून, इंजिन बाजूनं, वळणावर अख्खी गाडी, रुळांची रांग. चाळीस फोटो निवडून तुमच्या घरी आले. तुम्ही रेल्वेत उभी हयात काढलेली, मला वाटलं तुम्हाला भरून येईल. तुम्ही चाळीसच्या चाळीस बघितलेत, एकेक, चष्मा काढून पुसत. मग विचारलंत, "यात माणसं कुठं आहे वं? गाडी कोणाची होती?"

मला राग आला होता काका. तेव्हा बोलले नाही, आज सांगते. रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिकीट काढून त्या गाडीत बसले. बाहेर उभी राहून नाही, आत.

उमरेडच्या पुढं एक आजी भेटली. पायाशी लाल मिरचीचं पोतं, भिवापूरची मिरची, डब्यात शिरलं की नाकाला कळायचं. तिनं पाय त्या पोत्यावर ठेवले होते आणि हातातल्या तिकिटाची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. तुम्ही शिकवलं होतं तसं आधी कॅमेरा मांडीवर ठेवला, गप्पा केल्या, मग विचारलं, "आजी, एक फोटो काढू का जी?" ती म्हणाली, "काढ, पण मी हासत नाही." सहा फोटो काढले. तुम्ही म्हणायचात, रोलमध्ये छत्तीस असत आणि पगाराच्या हिशेबानं मोजून काढावे लागत, म्हणून हात जपून चालायचा. त्या दिवशी माझाही चालला.

सहातल्या पाचव्यात तिकिटाची घडी अर्धी उघडी आहे, खिडकीचं ऊन तिच्या बोटांवर आहे आणि चेहरा सावलीत. तुम्ही तो हातात घेतलात आणि खिशातले तुकडे काढलेच नाहीत. मला त्याचा अर्थ कळला. आणि लगेच तुम्ही म्हणालात, "हा तिले नेऊन दे." दोन रविवार घालवून गाव शोधलं, प्रिंट पोचवली. आजीनं ती पदरानं पुसून देवाच्या फोटोशेजारी टेकवली. गाडी तोवर बंद झाली होती.

तुमच्याकडून कडू बोलणंही ऐकलं. उड्डाणपुलाखाली झोपलेल्या मजुराचा मी काढलेला फोटो तुम्ही पालथा ठेवलात. "उठून त्यानं हा पाह्यला तं काय वाटन त्याले?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो फोटो मी काढून टाकला आणि तसा परत काढला नाही. पण तुमचं बोलणं कधी लागलं नाही, कारण ते तुम्ही स्वतःलाही लावून घ्यायचात. कॉलेजातल्या त्या पोरानं तुमच्या फुटाळ्याच्या फोटोवर बोट ठेवून "काका, पाण्याची रेघ कलली आहे" म्हटलं तेव्हा तुम्ही प्रिंट डोळ्यांजवळ नेलीत, "बरोबर आहे रे" म्हणालात आणि मागं पेन्सिलीनं लिहून ठेवलंत. पासष्टीच्या माणसानं एकोणीस वर्षांच्या मुलाचं असं ऐकून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणखी एक. सकाळी अंधारात महाल, इतवारीच्या गल्ल्यांतून एकट्या बाईनं कॅमेरा गळ्यात घालून फिरायचं म्हणजे घरून परवानगी मिळणं सोपं नव्हतं. तुम्ही आमच्या घरी येऊन सासूबाईंशी बोललात, चहा घेतलात आणि पहिले सहा महिने मला न्यायला-सोडायला आलात. मेच्या उन्हातसुद्धा, डोक्याला दुपट्टा बांधून. आता मी एकटी जाते. सासूबाई आदल्या रात्रीच डब्यात शंकरपाळे भरून ठेवतात.

आपले रविवार चालू आहेत. सध्या सात जण येतो. गप्प बसायचा नियम अजून पाळतो.

सोबत यंदाच्या मारबतीची एक प्रिंट पाठवते आहे. उजव्या कोपऱ्यात विजेची तार आली आहे. ती मी बघितली होती आणि मुद्दाम ठेवली आहे. का ते सांगत नाही, तुम्ही आधी बघा. तुकडे तुमच्याकडेच आहेत. उत्तर पोस्टानं पाठवा, फोनवर नको.

तुमची,
बनारसवाली
नागपूर