सूचना: सहलीसाठी प्रोपेनची टाकी आणणाऱ्यांना

नमस्कार मंडळी,

शनिवारी मक्याची कणसं आणि पनीर ग्रिलवर आहेत, तेव्हा टाकी आणण्याआधी वजन करून बघा. नुसती हलवून अंदाज बांधू नका. दाबाच्या काट्यावरही विसंबू नका. आत थोडंसं द्रवरूप प्रोपेन उरलं असलं तरी दाब हवा किती गरम-थंड आहे त्यावर ठरतो, किती उरलंय त्यावर नाही.

वरच्या कड्यावर इंग्रजीत 'टीडब्ल्यू' असं कोरून पुढे रिकाम्या टाकीचं वजन दिलेलं असतं, साधारण १७ पौंड. (जवळचा 'डब्ल्यूसी'चा आकडा पाण्याच्या मापाचा, तो सोडा.) टाकी ग्रिलपासून काढून बाथरूमच्या काट्यावर ठेवा आणि कोरलेला आकडा वजा करा. काटा २९ दाखवत असेल तर गॅस १२ पौंड. दुकानातून बदलून आणलेल्या '२० पौंडी' टाकीत बरेचदा १५ पौंडच असतो, हेही लक्षात असू द्या.

मोठ्या ग्रिलचे सगळे बर्नर पूर्ण पेटवले तर तासाला दीड पौंडाच्या आसपास गॅस जातो. आपला बेत चार तासांचा आहे, म्हणून ८ पौंडांहून कमी निघाला तर कृपया भरून आणा. गाडीत टाकी उभीच ठेवा, व्हॉल्व्ह घट्ट बंद, काच थोडी खाली. पोचल्यावर लगेच उतरवा.

– सहल समिती