टोरांटोचे ६१ गुण आणि आमचे गाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील भावना ओळखण्यातील अडचणींविषयीचा लेख आणि त्याखालील वीस प्रश्नांची चाचणी वाचली. लेखकांचा व्यासंग मान्य; परंतु ६१ किंवा अधिक गुण म्हणजे स्वतःच्या भावना न उमगणारी व्यक्ती, हे त्यांनी ज्या सहजतेने लिहून टाकले आहे, ते वाचून राहवले नाही, कारण याच चाचणीने माझ्या आईवर तो शिक्का मारला होता.

वडील गेल्यावर आईच्या छातीवर सतत दडपण येई. हृदयाच्या तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा एका रुग्णालयात तिला समुपदेशनासाठी पाठवले आणि तेथील मुलीने ही प्रश्नावली मराठीत वाचून दाखवली. डॉक्टरांनाही उलगडत नाही असे काही शरीरात जाणवते का? ‘म्हणून तर इथवर आले,’ आई म्हणाली. पाच गुण. लोकांशी भावनांपेक्षा रोजच्या कामांविषयी बोलणे आवडते का? ‘दुसरं काय बोलायचं, बाई?’ पुन्हा पाच. आमच्याकडे दुखवट्याला आलेली बाई ‘तुम्हाला कसे वाटते’ असे विचारत नाही; ती सकाळपासून पोटात काही गेले का, म्हशीची धार कोणी काढली, हे विचारते आणि पिठलं-भाकरी झाकून ठेवून जाते. त्या चौकशीत काय आहे हे आईला पुरते कळत होते, पण त्या कळण्याला रकाना नव्हता.

ही मोजपट्टी १९९४ साली टोरांटोत आजच्या रूपात आली. तिच्या वीस प्रश्नांपैकी आठ प्रश्न माणूस अंतर्मनापेक्षा बाहेरच्या व्यवहाराकडे किती वळतो, एवढेच तपासतात आणि अनेक भाषांतील आवृत्त्यांत नेमका हाच भाग कच्चा ठरला आहे. कॅनडातच चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांना या भागात युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक गुण पडतात आणि त्याचा संबंध सांस्कृतिक मूल्यांशी लागतो, असे २०१२ मध्ये संशोधकांनी मांडले. हिंदी आवृत्ती तर १९९६ पासून आहे. म्हणजे आपल्याकडे या विषयाला कोणी हात घातला नाही, असेही नाही. एवढ्या मोठ्या लेखात यासाठी चार ओळी निघाल्या नाहीत, मात्र ‘तुमचा निकाल पाहा’ ही चौकट निघाली.

आणि त्या चौकटीविषयीही थोडे. मूळ चाचणीत पाच प्रश्नांचे गुण उलटे मोजतात. उदाहरणार्थ, कोणाशी न बोलता बसूनही जवळीक वाटते, याला पूर्ण सहमती दिल्यास पाच नव्हे, एक गुण. ही सूचना आपण छापलीच नाही. आमच्या वाचनालयात सोमवारी दोघे-तिघे बेरजा करून चिंतातुर बसले होते. जांभळ्या पार्श्वभूमीवरची ती करडी अक्षरे ज्यांना वाचता आली, त्यांचीच ही गत. उरलेल्यांना आपल्या छपाईनेच वाचवले. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी आणि ती पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, विटा (जि. सांगली)