घसरला म्हणजे स्वस्त झाला का?

पुणे, ६ जुलै २०२५

प्रिय दिलीप,

स. न. वि. वि.

फोनवर तू जे विचारलंस ते दोन वाक्यांत उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. ‘एशियन पेंट्स साडेतीन हजारांवरून चोवीसशेवर आलाय, एवढी मोठी कंपनी इतक्या स्वस्तात परत कधी मिळणार?’ असं तू, चाळीस वर्षं त्यांचा रंग विकणारा दुकानदार, म्हणालास, आणि प्लॉटच्या विक्रीतून आलेल्या पैशांपैकी निम्मे त्यात टाकायचं तुझ्या मनात आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू शेवटचं पान आधी उलटणार नाहीस. कंपनी उत्तम आहे. पण भाव अजून स्वस्त नाही, आणि निम्मे पैसे तर त्यात अजिबात घालू नकोस. आता कारणं.

पहिली गोष्ट, साडेतीन हजार हा भाव डोक्यातून काढून टाक. जानेवारी २०२२ मध्ये शेअर ३,५९० च्या आसपास गेला होता, तेव्हा त्या वर्षीची (२०२१-२२) एका शेअरमागची कमाई होती सुमारे ३२ रुपये. म्हणजे लोक कमाईच्या एकशेदहा पटीहून जास्त मोजत होते. त्यानंतर कंपनीने काय केलं बघ. नफा ३,०३१ कोटींवरून दोन वर्षांत ५,४६० कोटींवर नेला. ऐंशी टक्के वाढ! एवढं होऊनही शेअर त्या जुन्या शिखराच्या वर गेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४०० च्या जवळ पोचला आणि तिथून वळला. धंदा एवढा वाढला आणि भागधारकाच्या हाती भाववाढीचं काहीच लागलं नाही, कारण ती वाढ २०२२ च्या भावात आगाऊच मोजून झाली होती.

आता २०२४ नंतरची घसरण घे, तू जिला स्वस्ताई म्हणतोयस ती. २०२३-२४ मध्ये एका शेअरमागे ५७ रुपये कमाई होती आणि भाव ३,४००. पीई, म्हणजे भाव भागिले शेअरमागची कमाई, आला साठ. यंदा मार्चला संपलेल्या वर्षात नफा ३,६६७ कोटींवर आला, म्हणजे शेअरमागे ३८ रुपये. भाव २,४००. भागाकार कर, बासष्टच्या पुढे जातो. भाव तीस टक्के उतरला, पण कमाई त्याहून थोडी जास्तच उतरली. तुला वाटतंय की माल सवलतीत मिळतोय. प्रत्यक्षात दर तोच आहे, फक्त डब्यात रंग कमी भरलाय.

तू लगेच म्हणशील, यंदाचं वर्ष वाईट होतं, त्यावरून कसं ठरवायचं? बरोबर आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण शेअरची किंमत ठरवताना सगळा घोळ याच जागी होतो. ५,४६० कोटी हे नेहमीचं वर्ष की ३,६६७ कोटी? माझ्या मते दोन्ही नाहीत. २०२३-२४ मध्ये कच्चा माल उतरला होता. रंगाचा कच्चा माल बराचसा खनिज तेलातून येतो, शिवाय टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड लागते. पण रंगाचे भाव त्या मानाने उतरले नव्हते. त्यामुळे शंभर रुपयांच्या विक्रीमागे व्याज, घसारा आणि कर जायच्या आधी एकवीस रुपयांच्या वर सुटत होते. ते जरा जास्तच चांगलं वर्ष होतं. यंदा तोच आकडा अठराच्या आसपास आला, विक्रीही ३५,५०० कोटींवरून ३३,९०० कोटींवर घसरली, आणि त्यात इंडोनेशियातला धंदा विकताना बसलेला फटका वगैरे एकवेळचे तोटे साडेतीनशे कोटींहून जास्त होते. ते बाजूला काढले तर शेअरमागे ४२ रुपये धरता येतील. विक्रीमागे सुटणाऱ्या त्या नफ्यासाठी कंपनी स्वतः १८ ते २० टक्क्यांचा पट्टा सांगते. मी उदार होऊन ४५ रुपये ‘साधारण वर्षाची कमाई’ धरतो. तरीही २,४०० म्हणजे त्रेपन्न पट.

आता तुझ्याच भाषेत. समज तुझ्या पेठेत एक चालतं दुकान विकायला निघालंय, वर्षाला दहा लाख निव्वळ सुटतात आणि मालक सव्वापाच कोटी मागतोय. ‘गिऱ्हाईक चांगलं आहे का’ हे तू नंतर विचारशील. आधी विचारशील, हे वाढणार किती आणि किती वर्षं? शेअरलाही तोच प्रश्न विचारायचा.

मी बँकेत असताना कर्जाच्या प्रस्तावाबरोबर येणारे अंदाज उलटे वाचायचो. मालक म्हणतो म्हणून विक्री इतकी वाढेल, असं न धरता, हप्ते फिटायला विक्री किती वाढावी लागेल ते आधी काढायचं आणि मग ते पटतं का बघायचं. इथेही तसंच करू. तुला दहा वर्षांत वर्षाला बारा टक्के सुटावेत एवढीच अपेक्षा धरू. सव्वासहा-साडेसहा टक्के एफडीतच मिळतात, तेव्हा शेअरची जोखीम घ्यायची तर बारा काही जास्त नाहीत. यंदा शेअरमागे २४ रुपये ८० पैसे लाभांश दिला, म्हणजे एक टक्का तिथून आला. उरलेले अकरा टक्के भावाने द्यायला हवेत. त्यासाठी दहा वर्षांनी भाव साधारण ६,८०० हवा.

तेव्हाही लोक साठ पट मोजायला तयार असतील, तर कमाई ११३ रुपये लागेल, म्हणजे यंदाच्या तिप्पट. वर्षाला साडेअकरा टक्के. जमेल कदाचित. पण दहा वर्षांनी वाढ मंदावलेली असेल, स्पर्धा असेल, आणि लोक पस्तीस पटच मोजतील असं धरलं (पस्तीस ही काही अपमानास्पद पट नव्हे), तर कमाई १९५ रुपये लागते. पाचपट. वर्षाला साडेसतरा टक्क्यांच्या वर, सलग दहा वर्षं.

मागच्या दहा वर्षांत काय झालं? २०१४-१५ चा नफा १,३९५ कोटी होता, २०२४-२५ चा ३,६६७. वर्षाला दहा टक्के. तू चलाखी करून २०२३-२४ वर मोजणी थांबवलीस तर सोळा टक्के येतात. टीव्हीवरचे तज्ज्ञ तेच करतात, ज्याला जो आकडा सोयीचा. खरं त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. पण साडेसतरा त्या दोन्हींच्या वरच आहे, आणि ज्या दशकात हे झालं त्यात शेवटचं वर्षभर सोडलं तर बिर्ला रंगाच्या बाजारात नव्हते.

रिलायन्सचं उदाहरण तू दिलंस, की त्यांनी केवढे कमावले. तेही नीट उघडून बघू. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी ४.९ टक्के हिस्सा सुमारे ५०० कोटींना घेतला आणि गेल्या महिन्यात दोन हप्त्यांत सुमारे ९,५८० कोटींना विकला. एकोणीसपट झाले, वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर, लाभांश वेगळा. पण त्या एकोणीसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००७-०८ चा नफा चारशे कोटींच्या आसपास होता, तो यंदापर्यंत नऊपट झाला. उरलेली दुप्पट-सव्वादोनपट आली ती पीई पंचवीसवरून साठच्या घरात गेल्यामुळे. नऊपट धंद्याने दिली, बाकीची लोकांच्या प्रेमाने. धंदा पुन्हा नऊपट होईलही. पण तुला साठला घेऊन तेच प्रेम परत मिळवायचं तर पीई एकशेचाळीसवर जायला हवा. ते मी माझ्या नातवालाही सांगणार नाही. आणि हो, रिलायन्सने विकला म्हणून घाबरायचं किंवा एसबीआय म्युच्युअल फंडाने त्यातला मोठा हिस्सा घेतला म्हणून खूश व्हायचं, दोन्ही व्यर्थ. प्रत्येक सौद्याला दोन शहाणे लागतात.

गेल्या महिन्याच्या अखेरीस आणखी एक मजेशीर गोष्ट झाली. जेएसडब्ल्यू पेंट्सने अक्झो नोबेल इंडिया, म्हणजे आपली ड्युलक्स, तिचा जवळजवळ पाऊण हिस्सा जास्तीत जास्त ८,९८६ कोटींना घ्यायचा करार जाहीर केला. त्या भावाने कंपनीची किंमत तिच्या नफ्याच्या तीस पटींच्या आसपास पडते, आणि तो भाव त्या वेळच्या बाजारभावाहून कमी होता. आख्खा धंदा, ब्रँड, कारखाने, चावी हातात घेणारा माणूस तीस पट मोजतो आणि बाहेर उभं राहून चार शेअर घेणारे आपण साठ. एशियनचा पसारा ड्युलक्सपेक्षा कितीतरी मोठा आहे, तिला जास्त मिळायलाच हवेत. पण दुप्पट?

आता कंपनीच्या बाजूने बोलतो, नाहीतर म्हणशील बँकवाल्याला सगळीकडे बुडीत कर्जच दिसतं. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेली कंपनी. घाऊक व्यापाऱ्याला मध्ये न घेता थेट दुकानदाराकडे माल पोचवायचा हा तिचा जुना हट्ट, आणि आज दीड लाखाहून जास्त दुकानांत तिचा माल जातो. तुला हे मी काय सांगू, तूच म्हणतोस की सकाळी ऑर्डर टाकली की संध्याकाळच्या आत गाडी येते, त्यामुळे गोदामात पैसा अडकत नाही. वाईट वर्षातही धंद्यात गुंतवलेल्या भांडवलावर करापूर्वी पंचवीस टक्क्यांच्या आसपास परतावा सुटतो. अशा कंपन्या मोजक्याच. आणि हेही खरं की गेल्या दहा वर्षांत हा शेअर चाळीस पटीच्या खाली फारसा आलाच नाही. तीसला घेऊ म्हणून बसलेले बसूनच राहिले. तेव्हा ‘तीस पट आला की घे’ असा शिष्टपणा मी करणार नाही. पण ४२ ते ४५ रुपये कमाई आणि चाळीस पट धरली तर सतराशे-अठराशे होतात. तिथे मी आनंदाने घेईन. दोन हजारांच्या जवळपास विचार करेन. चोवीसशेला मला चूक झाली तर पडायला जागा उरत नाही.

खरा अंदाज न येणारा भाग बिर्ला ओपसचा, म्हणजे बिर्लांच्या ग्रासिम कंपनीच्या नव्या रंगांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते उतरले, दहा हजार कोटींची तयारी करून, सहा कारखाने, त्यातला एक आपल्या महाडला. एवढी क्षमता एकदम बाजारात आली की ती रिकामी ठेवायला कोणी मालक तयार नसतो. त्यात १ जुलैला स्पर्धा आयोगाने ग्रासिमच्या तक्रारीवरून एशियन पेंट्सच्या चौकशीचा आदेश दिलाय, डीलरांवर दबाव आणल्याचा आरोप आहे. आधी जेएसडब्ल्यूच्या तक्रारीवरून झालेली अशीच चौकशी आयोगाने २०२२ मध्ये बंद केली होती, त्यामुळे मी त्यावर भावाचा हिशोब बदलत नाही. माझी चिंता वेगळी आहे. सगळ्यांनीच डीलरला सूट आणि पेंटरला टोकन (डब्यामागे मिळणारं बक्षीस) वाढवून दिलं, तर अठरा टक्के हेच नवं ‘चांगलं वर्ष’ ठरेल की काय?

आणि याचं उत्तर माझ्यापेक्षा तुझ्याकडे जास्त आहे. मुंबईत बसलेला विश्लेषक शंभर डीलरांना फोन करून अहवाल लिहितो. तुझ्या काउंटरवर ते रोज घडतं. ओपसने दुकानात हवी ती छटा मिसळणारं टिंटिंग मशीन फुकट दिलं, डब्यात दहा टक्के जास्त रंग दिला, असं ऐकतो. तुझ्याकडे ओपस मागत दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक किती आहे? पेंटर स्वतःहून कुठला डबा मागतो? पहिल्या खेपेला स्कीम विकते. पाच वर्षांनी त्याच घराला रंग देताना कोणाचं नाव निघतं, त्यावर साठ पट टिकणार की पस्तीसवर येणार ते ठरेल.

पण याच कारणाने निम्मे पैसे त्यात घालायला माझा सर्वांत मोठा विरोध आहे. तुझं पोट आधीच रंगावर चालतं. मंदी आली, पावसाळा लांबला, कंपन्यांची भावयुद्धं पेटली की दुकानाची कमाई उतरते. त्याच दिवशी शेअरही उतरणार. एकच संकट दोन खिशांतून पैसे काढेल. प्लॉटचा पैसा त्या वेळी तुला उपयोगी पडायला हवा.

तरी मन मानत नसेल, कारण चाळीस वर्षं तू तो माल विकलायस, तर एकूण रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत घे, तेही एकदम नाही. महिनाअखेरीस तिमाहीचे निकाल येतील. नफ्याच्या टक्केवारीआधी किती लिटर रंग विकला ते बघ. लिटर वाढले आणि रुपये वाढले नाहीत, तर सूट देऊन माल ढकललाय असं समज. बाकीचे पैसे सध्या बँकेत राहू देत, साडेसहा टक्के काही शरमेचे नाहीत.

श्रावणात मी कराडला येतोय. त्याआधी मागच्या दोन वर्षांची तुझी कंपनीवार विक्री काढून ठेव, इमल्शन (भिंतीचा रंग) आणि पुट्टी (रंगाआधी भिंतीला लावायचा लेप) वेगवेगळी. पुट्टीचा ढीग मिसळलास तर लिटरचा हिशोब फसतो. वहिनींना नमस्कार सांग, आणि जीएसटीचं ते रखडलेलं काम झालं की नाही तेवढं कळव.

तुझा,
सुरेश