काकू, मडगार्डबद्दल आभार

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, हे ठाऊक आहे. ‘आभार परक्यांचे मानतात’ असं म्हणत मागच्या खेपेला तुम्ही मला दारातूनच परत पाठवलं होतं, डब्यासकट. म्हणून हे पत्र चारचौघांत, उघडं लिहितेय. चारचौघांत तुम्ही भांडत नाही. शिवाय मंडळाच्या दिवाळीत सहा जणांनी मला गाठून एकच प्रश्न विचारला, “कामावरून सायकल घेतलीस म्हणे, कशी गं?” त्यांचीही परस्पर सोय होईल.

तुम्हाला आठवत असेल, सप्टेंबरात आमच्या लॅबच्या जिन्यात पोस्टर लागलं होतं: ‘सायकल टू वर्क, 42 टक्क्यांपर्यंत बचत’. मी त्याच शनिवारी इथे इंग्लंडात, लीड्समधल्या एका दुकानात गेले आणि एका काळ्याशार कार्बन सायकलीच्या प्रेमात पडले. उचलली तर करंगळीवर येईल अशी. टायर बोटाएवढे. फोटो काढून तुम्हाला पाठवला. तुमचं उत्तर एका ओळीचं आलं: “मडगार्ड कुठे लावणार?”

मला हसू आलं. एवढ्या देखण्या सायकलीला मडगार्ड म्हणजे पैठणीवर रेनकोट. पण दुकानदाराला विचारलं, तर पुढच्या चाकाच्या त्या चिमट्याला मडगार्डचे स्क्रू बसायला भोकंच नव्हती. “हिवाळ्यात चालवणार असाल तर पाठीवर थोडं उडेल,” तो म्हणाला. थोडं! यॉर्कशरमधला नोव्हेंबर त्या माणसाला ठाऊक नसावा किंवा मला ठाऊक नाही हे त्यानं ओळखलं असावं.

मग तुम्ही रविवारी बोलावलंत. मला वाटलं, सायकली दाखवाल. तुम्ही म्हणालात, “आधी पगाराची स्लिप काढ.”

तो तास मी विसरणार नाही. योजनेचं नाव रोज ऐकत होते, पण ती चालते कशी हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत. 1999 च्या वित्त कायद्यानं दिलेली ही करसवलत. सायकल विकत घेते नोकरी देणारी संस्था आणि आपण ती भाड्यानं वापरतो. भाडं कापलं जातं कर लागण्याआधीच्या पगारातून, म्हणून तेवढ्या रकमेवर आयकर नाही आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी, तीही नाही. अट एवढीच की निम्म्याहून जास्त वापर कामाच्या ये-जा करण्यासाठी हवा. पूर्वी हजार पौंडांवर जाता यायचं नाही. 2019 मध्ये सरकारनं नवी मार्गदर्शिका काढली, तेव्हापासून बहुतेक ठिकाणी ती वेस गेली.

“42 हा आकडा कुणाचा?” तुम्ही विचारलंत. मी गप्प. “40 टक्के आयकर भरतात त्यांचा. 40 आणि वर 2 इन्शुरन्सचे. तू 20 वाली. तुझे 20 आणि 8. म्हणजे 28.” पोस्टरवरच्या ‘पर्यंत’ या शब्दात माझे चौदा टक्के दडलेले होते.

मग एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर तुम्ही हिशेब मांडलात. ते पाकीट मी जपून ठेवलंय. सायकल हजाराची, वरचं सामान दोनशेचं, एकूण 1,200. बारा महिने शंभर-शंभर कापले जाणार, पण हातात येणाऱ्या पगाराला चटका 72 चाच. वर्षाचे 864. मी उठायच्या बेतात होते.

“बस खाली. वर्षानंतर सायकल कुणाची?”

माझीच की! नाही. तेव्हाही ती त्यांचीच असते. तिची बाजारातली किंमत महसूल खात्याच्या तक्त्यावरून ठरते. मूळ किंमत 500 पौंडांच्या वर असेल, तर एक वर्ष जुनी सायकल 25 टक्क्यांना धरतात. 1,200 चे 300. आणि 864 मध्ये 300 मिळवले की 1,164. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि मला वजाबाकी करायला लावलीत. छत्तीस पौंड! एवढ्या सह्या आणि एवढी सर्टिफिकिटं छत्तीस पौंडांसाठी.

मग पाकीट उलटलंत. वर्षानं लगेच विकत न घेता, नवे हप्ते न लागता, वापराचा करार आणखी तीन वर्षं लांबवायचा. चार वर्षं जुन्या सायकलीला तोच तक्ता 7 टक्के लावतो. 84 पौंड. एकूण 948, वाचले 252. शेकडा एकवीस. “आता पोस्टरवर 21 लिहा म्हणावं,” तुम्ही म्हणालात.

पण मला खरे आभार मानायचेत ते त्याखालच्या ओळीबद्दल. ती कुठल्याच पोस्टरवर नसते. नवं मॉडेल आलं की दुकानं गेल्या वर्षीच्या सायकलींवर सूट देतात. पण योजना चालवणारी कंपनी दुकानाकडून दलाली घेते, त्यामुळे सूट दिलेल्या सायकलीवर योजना चालत नाही असं अनेक दुकानदार सांगतात. 1,200 च्या मालावर एकपंचमांश सूट मिळाली, तर रोखीनं 960. योजनेतून 948. फरक बारा पौंडांचा! “मग योजना कशाला?” मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “तुझ्याकडे आज 960 आहेत का?” नव्हते. “मग बिनव्याजी हप्त्यांसाठी. तेवढंच. फुकट काही मिळतंय असं समजून दोनशेनं जास्त महाग सायकल उचलू नकोस.” मी नेमकी तेच करणार होते, काकू. कार्बनवाली दोनशेनं नाही, नऊशेनं महाग होती.

बाकीचं तुम्ही दाराशी चप्पल घालता घालता सांगितलंत, तेही इथे लिहून टाकते. मध्येच नोकरी सोडली तर उरलेले हप्ते कर भरून झालेल्या पगारातून जातात. सायकल चोरीला गेली तरी हप्ते थांबत नाहीत, म्हणून विमा. कापून उरलेला पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. आणि जे व्हिसावर आहेत त्यांनी सही करण्याआधी एचआरला विचारायचं, पगाराचा आकडा कमी दिसलेला चालेल का. मंडळात मी हे सांगितलं, तेव्हा दोघं तरी दचकले होते.

मग तुम्ही मला मागच्या शेडमध्ये नेलंत. उन्हाळी सायकल खुंटीवर, चादर पांघरून. हिवाळी सायकल खाली, उघडी. इथल्या जुन्या सायकल क्लबांत अशा दोन सायकली ठेवायची रीतच आहे, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही एक जुनं चाक काढून रिमवर माझं बोट फिरवायला लावलंत. ती आत खोलगट झाली होती. रिमला घासणारा ब्रेक, त्यात ओल्या रस्त्यावरची वाळू, म्हणजे दर दाबाला पॉलिश पेपर. म्हणून डिस्क, म्हणजे रिमऐवजी चाकाच्या मध्याशी असलेल्या चकतीला धरणारा ब्रेक. तोही केबलवाला, तेलाचा नाही, कारण केबल आपल्याला घरी ताणता येते. नव्या रिमच्या खर्चात पॅड किती वेळा बदलतील, तेही तुम्ही सांगितलंत.

आणि मीठ. पुण्यामुंबईच्या माणसाला रस्त्यावर मीठ टाकतात हेच पचायला वेळ लागतो. बर्फ धरू नये म्हणून रात्री गाड्या फिरतात आणि चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतल्यासारखं तपकिरी खडेमीठ रस्त्यावर उधळतात. मोटारींसाठी ते वरदान. सायकलीची चेन मात्र आठवड्यात नारिंगी. मला अकरा गिअरवालं काहीतरी हवं होतं. तुम्ही म्हणालात, “जास्त गिअर म्हणजे चेन जास्त बारीक आणि जास्त महाग. मीठ दोन्ही चेनींना सारखंच खातं.” म्हणून शिमानो कंपनीचा क्लॅरिस हा गिअरसंच, मागे आठ चकत्या. त्याची चेन स्वस्त मिळते आणि तुटली तर कुठल्याही दुकानात असते.

शेवटी दोन सायकली उरल्या: स्पेशलाइज्डची अलेझ आणि ट्रेकची डोमाने एएल 2. दोघींना ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा चिमटा, क्लॅरिस, केबलचे डिस्क. दोघींना मडगार्डची भोकं! मी तासभर रंगांची तुलना करत बसले. तुम्ही दुकानात आलात, मला दोन्हींवर बसवलंत, हँडलला हात टेकताना माझे खांदे वर जातात का एवढंच पाहिलंत आणि म्हणालात, “अलेझ. रंग कुठलाही घे.” दहा मिनिटं लागली. रंग मी पांढराच घेतला, तुम्ही डोळे मिटलेत ते मी पाहिलं. (बरोबर होतात. पांढरा रंग एक आठवडा टिकला.)

वरच्या दोनशेत आपण पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवले, पुढच्याला रबरी झालर. ती कशाला, विचारलं, तर म्हणालात, मागचा मडगार्ड दुसऱ्यासाठी असतो, पुढची झालर आपल्या बुटांसाठी. रविवारी क्लबबरोबर निघाले तेव्हा पहिल्या भागाचा अर्थ कळला. बिनमडगार्डच्या एका पोराच्या चाकामागून माझ्या तोंडात यायचा तो चिखल आला. शिवाय दिवे दोन जोड्या, कारण डिसेंबरात लीड्सला पावणेचारलाच सूर्य बुडतो आणि चार्जिंग संपलं की कायद्यानं अंधारात निघता येत नाही. तेव्हा तुम्ही पुण्यातली गोष्ट सांगितलीत. दिवा नसला की हवालदार चाकातली हवा सोडायचा आणि तुम्ही एस. पी. कॉलेजपासून घरापर्यंत सायकल ढकलत न्यायचात. मग वडिलांनी टायरला घासून चालणारा डायनामो बसवून दिला. चढावर तो पाय धरायचा, म्हणालात.

टायर मात्र मी तुमचं ऐकून 30 मिमीचे घेतले आणि जाड पोटाचे. ऑगस्ट संपला की इथले शेतकरी कुंपणं छाटतात, कारण मार्चपासून ऑगस्टअखेर पक्ष्यांच्या घरट्यांमुळे छाटायला बंदी असते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्ताभर हॉथॉर्नचे काटे. आतापर्यंत एक पंक्चर. बसस्टॉपच्या छताखाली पंचवीस मिनिटं लागली, पण काढलं.

फेब्रुवारीत तुम्ही मला लीड्सजवळच्या मॉर्लीकडे घेऊन गेलात तो दिवसही इथे नोंदवते. वाटेत रुबार्बच्या, म्हणजे आंबट लाल देठांच्या भाजीच्या, त्या लांबच लांब अंधाऱ्या शेड्स, जिथे मेणबत्तीच्या उजेडात काढणी करतात. तुम्ही सायकल थांबवलीत आणि बेरिल बर्टनबद्दल सांगितलंत. रुबार्बच्या शेतावर राबणारी, याच गावची बाई. 1967 च्या बारा तासांच्या शर्यतीत 277.25 मैल गेली. पुरुषांतही तेवढं तोवर कुणी गेलं नव्हतं. पुरुषांत आघाडीवर असलेल्या माइक मॅकनामाराला गाठलं तेव्हा त्याला ज्येष्ठमधाची गोळी देऊन पुढे निघून गेली. त्यानं घेतली हेही कौतुकाचंच, म्हणालात. मला मात्र त्या दिवशी तिच्याहून तुमचंच नवल वाटत होतं. चढावर बोलत होतात तुम्ही. मला श्वास पुरत नव्हता.

माझी कामाची वाट हॉर्सफर्थहून कर्कस्टॉलच्या ॲबीवरून, म्हणजे जुन्या मठावरून, शहरात, साडेपाच मैल. पहिल्या थंडीत मी किती दिवस गेले ते मोजलं नाही, पण तीन अंशांच्या खाली पारा गेला की बस, हा तुमचा नियम एकदाही मोडला नाही. मोडला तो धुण्याचा नियम. जानेवारीत दोन आठवडे आळस केला आणि तुम्ही अचानक चहाला आलात. चेन पाहून काही बोलला नाहीत. बादली मागितलीत, कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. चहा गार झाला. रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

एका गोष्टीत मात्र तुम्ही चुकलात, तेही चारचौघांतच सांगते. मोज्यांवर ब्रेडची प्लॅस्टिक पिशवी घातली की बुटांचं कव्हर लागत नाही, हे खोटं आहे. मी पंधरा दिवस पाहिलं. आतून घाम, बाहेरून पाणी, आणि लॅबमध्ये बूट काढले की सगळे माझ्या पायांकडे बघायचे. कव्हर घेतले, योजनेबाहेर, रोखीनं.

तुमचं चेन मोजायचं मापक अजून माझ्याकडेच आहे. काल लावून पाहिलं, 0.75 चं टोक कडीत आरामात बसलं. म्हणजे चेन झिजली, नवी हवी. आठवाली, स्वस्तातली. मागवली आहे. रविवारी दहाला मापक घेऊन येते, चेन तुमच्या शेडमध्ये बसवू. डब्यात साटोऱ्या असतील. या खेपेला दारातून परत पाठवू नका, खाली पडल्या तर पांढऱ्या रंगाचं जे झालं तेच त्यांचं होईल.

तुमची,
हॉर्सफर्थची शेजारीण